रजिस्टरातलं एक खोटं वाक्य

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण, महाराष्ट्र,
तसेच मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळांचे सर्व सदस्य

विषय : रात्रपाळी

महोदय,

विषय एका शब्दात संपवलाय, त्याबद्दल क्षमस्व. सरकारी पत्राचा विषय तीन ओळींचा असावा लागतो हे 32 वर्षांच्या नोकरीत शिकले आहे. पण आपल्या पाहणीत खाटा येतात, औषधसाठा येतो, स्वयंपाकघर येतं, व्यवसायोपचार विभागात बायकांनी केलेल्या पणत्या आणि पायपुसणी येतात. रात्र तेवढी येत नाही. म्हणून तो एकच शब्द.

मी निवृत्त परिसेविका. 1990 साली एका मोठ्या मनोरुग्णालयात अधिपरिचारिका म्हणून लागले आणि महिला वॉर्डची इंचार्ज सिस्टर म्हणून बाहेर पडले. इस्पितळाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर तेवढ्या एका इस्पितळाला खुलासा मागवला जाईल, तिथल्या मेट्रनला दोन दिवस झोप लागणार नाही आणि बाकी सगळीकडे हुश्श होईल.

मी लागले तेव्हा 1912 चा ल्युनसी (म्हणजे वेडाचा) अ‍ॅक्ट चालू होता. 1993 मध्ये 1987 चा मानसिक आरोग्य कायदा लागू झाला आणि 2018 मध्ये आताचा 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला. एका नोकरीत तीन कायदे पाहिले. शेवटचा खरोखर चांगला आहे, हे मी कुणाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. तो मी घरी बसून, चष्मा लावून, कलमाकलमाने वाचला. वाचता वाचता 97 व्या कलमापाशी थांबले, कारण तिथे मी होते.

गोष्ट 2019 च्या पावसाळ्यातली. रात्रपाळीची सिस्टर आजारी, बदली मिळाली नाही, म्हणून इंचार्ज असूनही मीच रात्र केली. वॉर्डात 58 बायका. दोन आया असायला हव्या होत्या, त्यातली एक शेजारच्या वॉर्डात ओढून नेली. म्हणजे मी आणि एक मावशी. रात्री साडेअकराच्या सुमारास नव्याने भरती झालेल्या एका मुलीला फिट आली. ती थांबते न थांबते तोच दुसरी आली. मी तिच्याजवळ, मावशी ऑक्सिजन आणायला पळालेली.

आमच्याकडे एक बाई होत्या. सगळा वॉर्ड त्यांना मास्तरीणबाई म्हणायचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत खरोखरच शिकवायच्या. त्या रात्री त्यांना झोप नव्हती. खाटांमधून फिरत होत्या, प्रत्येकीची हजेरी घेत होत्या, "हजर" म्हटलं नाही तर पांघरूण ओढत होत्या. झोपलेल्या बायका जाग्या होऊन ओरडायला लागल्या. मास्तरीणबाईंनी कुणालाही हात लावला नाही. हे वाक्य पुन्हा लिहिते : त्यांनी कुणालाही हात लावला नाही. त्यांच्याबरोबर पंधरा मिनिटं कुणी हजेरी घेतली असती, "बाई, सगळा वर्ग हजर आहे, आता घंटा झाली" म्हणून खाटेपर्यंत हाताला धरून आणलं असतं, तर त्या झोपल्या असत्या. मी ते आधी पन्नास वेळा केलं होतं. त्या रात्री माझे दोन्ही हात फिट आलेल्या मुलीच्या डोक्याखाली होते.

मावशी आली. आम्ही मास्तरीणबाईंचे हात कापडी पट्ट्यांनी खाटेला बांधले. डॉक्टरांना फोन केला. ते पुरुष वॉर्डात अडकलेले. "बांधा, सकाळी सही करतो," म्हणाले. पहाटे चारला सोडलं. मग मी रिस्ट्रेंट रजिस्टर, म्हणजे रुग्णाला बांधल्याची नोंदवही, उघडलं आणि माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं : "रुग्ण आक्रमक. स्वतःस व इतरांस धोका. सबब बंधन."

खरं वाक्य असं होतं : "वॉर्डात एक माणूस कमी. सबब बंधन."

97 वं कलम काय म्हणतं ते आपल्याला मी सांगायला नको, पण हे पत्र इतर लोकही वाचतील. एकांतकोठडी पूर्ण बंद. बांधायचं ते फक्त तत्काळ इजा टाळण्याचा दुसरा काहीच मार्ग नसेल तेव्हा, उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, लागेल तेवढ्याच वेळापुरतं. बांधलेल्या माणसावर सतत लक्ष हवं. कारण, पद्धत, वेळ लगेच नोंदवायची. रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे त्याच्या वतीने बोलणाऱ्या माणसाला, 24 तासांत कळवायचं. शिक्षा म्हणून बांधायचं नाही. आणि केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणून तर नाहीच नाही. हे शेवटचं ज्याने कायद्यात घातलं त्याला रात्रपाळी माहीत असणार.

अशा सगळ्या नोंदी दर महिन्याला पुनरावलोकन मंडळाकडे जातात. म्हणजे माझं खोटं वाक्यही गेलं असणार. कुणी विचारलं नाही, कारण वाक्य नियमात बसत होतं. बसावं म्हणूनच तसं लिहिलं होतं.

पुढे काय झालं ते सांगते, कारण मला वाटायचं की रजिस्टर म्हणजे कपाटात जाणारी वही. दुसऱ्या दिवशी राऊंडला नोंद वाचली गेली आणि मास्तरीणबाईंचं औषध वाढलं. आठ दिवसांत तोंडातून लाळ, हाताला कंप. खडू धरल्यासारखी बोटं करायच्या त्या, ती बोटं लटपटायला लागली. केसपेपरवर "आक्रमक" हा शब्द एकदा चढला की प्रत्येक नवा डॉक्टर तो उतरवून घेतो. दिवाळीच्या आधी समाजसेवा अधीक्षकांनी त्यांच्या भावाला बोलावून घेतलं. भाऊ बरा माणूस होता, दर दोन महिन्यांनी चकल्या घेऊन यायचा. त्याने कागद वाचला आणि मला म्हणाला, "सिस्टर, घरात लहान पोरं आहेत हो." मी गप्प बसले. तिथे खरं सांगता आलं असतं. सांगितलं नाही. त्या दिवाळीला मास्तरीणबाई घरी गेल्या नाहीत, आणि मी निवृत्त झाले त्या दिवशी त्या फाटकाच्या आतल्या बाजूला उभ्या होत्या.

आता मूळ मागणी. बंधनाच्या नोंदवहीत एक रकाना वाढवा : त्या वेळी पाळीवर किती जण हजर होते, किती असायला हवे होते, आणि वॉर्डात रुग्ण किती. एवढंच. आणि ज्या सिस्टरने त्यात खरा आकडा लिहिला तिला मेमो मिळणार नाही असं लेखी परिपत्रक काढा. आज काय होतं, "मनुष्यबळ अपुरे" असं रजिस्टरात लिहिणाऱ्या सिस्टरला वरून विचारणा येते की तुम्ही प्रशासनाची बदनामी करता का. "रुग्ण आक्रमक" लिहिणारीला कुणी काही विचारत नाही. रुग्ण काही खुलासा मागवत नाही ना. मग कोण कुणावर ढकलणार ते उघड आहे. 32 वर्षांत मी असल्या नोंदी किती केल्या ते मला माहीत आहे. आकडा इथे लिहिण्याची हिंमत नाही.

कुणी म्हणेल, बाईंना निवृत्तीनंतर कंठ फुटला. खरं आहे. पेन्शन सुरू झाल्यावरच फुटला.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. वॉर्डातले लोक राक्षस नसतात. मारहाण होते का? होते. मी पाहिली आहे, दोनदा तक्रार केली आहे आणि त्याहून जास्त वेळा केलेली नाही. पण मनोरुग्णालयाचं वाईटपण मारहाणीत शोधायला गेलात तर तुम्हाला चार नालायक माणसं सापडतील, त्यांना निलंबित कराल आणि समाधानाने परताल. बाकीचं वाईटपण नळात, नाडीत आणि जेवणाच्या वेळेत असतं. ते कुणी केलेलं नसतं.

नळाचं सांगते. आमच्या वॉर्डात एक बाई होती, तिला पाणी पिण्याचा नाद. नाद म्हणजे आजारच; बादलीने प्यायची. शरीरातलं मीठ उतरून तिला एकदा फिट आली. त्यानंतर दुपारी आणि रात्री नळाच्या खोलीला कुलूप. एका बाईसाठी योग्य, पण कुलूप बसलं सगळ्या 58 जणींना. त्यात सात-आठ जणी लिथियमवर होत्या. लिथियम घेणाऱ्या माणसाला पाणी कमी पडलं की रक्तातली त्या औषधाची पातळी चढते. उलट्या, थरथर, अडखळणारी चाल, पुढे शुद्ध हरपण्यापर्यंत. मे महिना, पत्र्याखालचा वॉर्ड, आणि बायका दाराशी येऊन म्हणतायत, "ताई, पाणी." आम्ही मागेल तिला देत होतो. पण रात्री मागायला उठेल ती उठेल. जी औषधाच्या गुंगीत पडून आहे ती मागत नाही. एका सकाळी अशीच एक बाई चालताना झोकांड्या खायला लागली. मावशी म्हणाली, सोंग करतेय. नशिबाने त्या दिवशी नवीन शिकाऊ डॉक्टर होती, तिने रक्त पाठवलं.

उपाय काय होता? त्या एका बाईचं सकाळ-संध्याकाळ वजन करायचं, तिच्याबरोबर एक माणूस ठेवायचा, नळ उघडा ठेवायचा. पुन्हा तेच. एक माणूस.

जेवणाची वेळ. संध्याकाळी साडेपाचला ताटं लागतात, कारण स्वयंपाकघरातली पाळी सुटायची असते. सकाळचा नाश्ता आठला. मधे साडेचौदा तास. यातल्या अनेकींना ओलान्झापिनसारखी औषधं चालू असतात, ज्यांनी भूक वाढते. अगदी राक्षसी वाढते. म्हणजे आपणच भूक वाढवायची गोळी द्यायची आणि रात्रभर उपाशी ठेवायचं. मग कुणी शेजारणीच्या उशाखालची पोळी काढून खाल्ली की भांडण, भांडण झालं की "आक्रमक", आणि "आक्रमक" झालं की पट्ट्या. रात्री नऊला एक कप दूध आणि दोन बिस्किटं दिली तर वर्षाकाठी किती बंधनं कमी होतील याचा कुणी अभ्यास केला असेल तर मला वाचायला आवडेल. मी आपली स्वतःच्या डब्यातल्या भाकरीवर अभ्यास केला; दर वेळी उपयोग झाला.

नाडी. गळफासाच्या भीतीने सलवारीची, परकराची नाडी काढून घेतात. भीती खोटी नाही. पण मग ती बाई दिवसभर एका हाताने सलवार धरून चालते. एका हाताने जेवते, एका हाताने वेणी घालून घेते. तुम्ही एकदा एक तास असं चालून पाहा आणि मग स्वाभिमान, पुनर्वसन वगैरे शब्द उच्चारा. शिवणकामाच्या खोलीत इलास्टिक घालायला एका कपड्याला पाच मिनिटं लागतात. आमच्याकडे ते एका स्वीपर बाईच्या सुचवण्यावरून सुरू झालं, कुठल्याही समितीच्या नव्हे.

20 वं कलम सांगतं की रुग्णाला स्वतःचे कपडे घालायचे असतील तर घालू द्या, इस्पितळाचा गणवेश सक्तीचा नको. सक्तीने डोकं भादरू नका. पाळीच्या दिवसांत बाईला लागतं ते द्या. पहिल्या दहा वर्षांत आमच्याकडे न्हावी यायचा आणि उवा झालेल्या बायका रांगेत बसायच्या. एक होती, तिचे केस कमरेपर्यंत. त्या दिवसानंतर ती महिनाभर डोक्यावरचा पदर खाली घ्यायची नाही, झोपेतसुद्धा. आता हे बंद झालं आणि फार चांगलं झालं. पण उवांचं औषध लावून फणीने एक डोकं साफ करायला अर्धा तास लागतो, आणि आठवड्याने पुन्हा तेवढाच. कायद्याने कात्री काढून घेतली. फणी धरणारे हात दिले नाहीत. सॅनिटरी पॅड हल्ली येतात, पण आतल्या चड्ड्या मापाच्या येत नाहीत. पॅड कशावर लावायचा, हा प्रश्न खरेदी समितीत एकही बाई नसल्याने कुणाला पडला नसावा.

चष्मे राहिले. भरती करताना चष्मा, कवळी, कानाचं यंत्र जमा होतं. काच असते, हरवतं, जबाबदारी कुणाची. मग तीच बाई राऊंडला डोळे बारीक करून बघते, नीट ऐकत नाही, आणि तिच्या कागदावर येतं, "संवाद साधत नाही, वाचनात रस नाही."

आणि भाषा. आपल्या राज्यातल्या मनोरुग्णालयांत रेल्वे स्टेशनांवर सापडलेल्या कितीतरी बायका येतात, पार आंध्र, ओडिशा, बंगालकडच्या. आमच्याकडे एक होती जिच्या कागदावर तीन वर्षं "असंबद्ध बडबड" असं होतं. नव्याने लागलेला एक इलेक्ट्रिशियन पंखा दुरुस्त करायला आला आणि शिडीवरूनच तिच्याशी बोलायला लागला. तेलुगू. बाई रडली, गावाचं नाव सांगितलं, मुलाचं नाव सांगितलं. कर्जतची श्रद्धा फाउंडेशन रस्त्यावरच्या अशाच माणसांना बरं करून घरी पोचवते. त्या कामासाठी डॉ. भरत वाटवानींना 2018 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. एका संस्थेला जे जमतं, त्यातलं निदान फोनवर दुभाषा मिळवून देण्याएवढं राज्याला जमायला हवं. इलेक्ट्रिशियनवर किती दिवस भागवायचं?

हा प्रश्न एका वॉर्डाचा नाही. येरवड्याच्या एका मनोरुग्णालयात 2540 खाटा मंजूर आहेत. ठाणे, नागपूर, रत्नागिरी धरून राज्याच्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांचा आकडा साडेपाच हजारांवर जातो. शिवाय खासगी दवाखाने, व्यसनमुक्ती केंद्रं, आश्रम. तामिळनाडूत एरवाडीला 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे आग लागली तेव्हा साखळीने बांधलेली 28 माणसं जळून मेली. ते सरकारी इस्पितळ नव्हतं, दर्ग्याजवळचं खासगी घर होतं. त्याची बातमी आली त्या आठवड्यात आमच्या मेट्रन रात्री प्रत्येक वॉर्डात आल्या होत्या, चाव्या कुणाकडे आहेत ते विचारत. आठवडाभर आल्या. मग थांबल्या.

पाहणीचा दिवस मला माहीत आहे. आदल्या दिवशी नव्या चादरी कपाटातून निघतात, फिनाइलचा वास जिन्यापर्यंत. दुसऱ्या वॉर्डातल्या आया आमच्याकडे उभ्या केल्या जातात. त्या दिवशी संख्या पुरते. साहेब एका शहाण्यासुरत्या दिसणाऱ्या बाईला विचारतात, "जेवण बरं मिळतं ना?" मागे अधीक्षक उभे, बाजूला मी. ती बाई माझ्याकडे बघते आणि म्हणते, "हो, छान." काय म्हणेल? साहेब संध्याकाळी जातात. तिला माझ्याबरोबर रात्र काढायची असते. 28 व्या कलमाने तक्रारीचा हक्क दिला आहे. आमची तक्रारपेटी कुलुपाच्या बाहेर, ओपीडीच्या भिंतीवर होती. आत पेन न्यायला बंदी होती.

आपल्या प्राधिकरणात किमान 15 वर्षं मानसिक आरोग्याचा अनुभव असलेली एक परिचारिका, आजारातून गेलेल्या माणसांचे दोन प्रतिनिधी आणि काळजीवाहकांचे दोन प्रतिनिधी असावेत असं कायदा सांगतो. पाहणीला या पाच जणांना पाठवा, अधिकाऱ्यांशिवाय. सिस्टरला कुठे बघायचं ते बरोबर कळतं. ती आधी पाण्याची खोली बघेल, मग पट्ट्या कुठे ठेवतात ते. पट्ट्या नव्याकोऱ्या घडीच्या आहेत की धुवून विटलेल्या, यावरून रजिस्टर न उघडता तिला सगळं समजेल.

यायचं तर रात्री दीडच्या पुढे या. फाटकावरच्या गार्डला आधी फोन करू नका. त्याच्याकडे सगळ्या वॉर्डांचे नंबर आहेत. महिला वॉर्डची बेल बहुतेक ठिकाणी बंद असते, कारण तिच्याने रुग्ण जागे होतात. खिडकीच्या गजांवर किल्लीने हळू वाजवा. मावशी उघडेल, घाबरेल, तिला आधी चहा झाला का विचारा. आणि हजेरी घेत फिरणाऱ्या एखाद्या बाई समोर आल्या आणि त्यांनी नाव पुकारलं, तर "हजर" म्हणा.

आपली,
एक निवृत्त परिसेविका